दारावरचे चार ओरखडे

वोलोस,
नोव्हेंबर, मंगळवार सकाळ

तीर्थरूप अग्लाइयाताईस,

धाकट्या स्टेर्गिओसचा वाकून नमस्कार. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही वाचली, तिन्ही कोटाच्या खिशात घालून गावभर फिरलो आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. त्याबद्दल माझा कान मीच धरून बसलो आहे, तू कवाल्याहून हात लांब करायचे कष्ट घेऊ नकोस. गुडघा कसा आहे? नवा डॉक्टर चालायला सांगतो की बसायला? (जुना चालायला सांगायचा, म्हणून तू बसून होतीस. नव्याने बसायला सांगितलं असेल तर एव्हाना तू डोंगर चढत असशील.) दाजींचा खोकला थांबला का? नसेल तर त्यांना माझा नमस्कार जरा लांबूनच सांग. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. ठीक म्हणजे गोळ्या वेळेवर घेतो, भांडत नाही, आणि जेवताना खिडकीबाहेर बघतो.

इतके दिवस का लिहिलं नाही, हे सांगायचं तर गाडीपासून सुरुवात करावी लागेल. गाडीचं नाव निघालं की तू पत्र खाली ठेवून चष्मा पुसतेस, हे मला ठाऊक आहे. पूस. मी थांबतो.

तर, चौतीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवल्यावर मी दुकान विकलं आणि ती निळी गाडी घेतली. दोन दारं, दोन जागा, वय वर्षं एकोणीस. तिच्यात माणूस बसत नाही, पडतो. आणि उतरताना आधी पाय, मग काठी, मग अब्रू, अशा क्रमाने बाहेर येतो. एव्हान्थिया पहिल्या दिवशी खाली आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "जागा दोनच. एक तुमची, एक कानेलाची. मी आपली बसने येते." तिने शब्द पाळला. सहा महिन्यांत ती त्या गाडीत एकदाही बसली नाही. कानेला मात्र बसली. तूच तेरा वर्षांपूर्वी बसच्या ड्रायव्हरच्या हाती टोपलीतून पाठवलेली ती दालचिनीच्या रंगाची कुत्री (सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'लहानच राहील', बावीस किलोची झाली, ताई!) त्या शेजारच्या सीटवर अशी बसायची, की गाडी तिची आणि मी पगारी.

गाडी घेतली की मंडळ आलंच. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानापुढे दर रविवारी सकाळी आमचं 'वेगवान गाड्यांचं मंडळ' जमतं. वेगाबद्दल तिथे कोणी चकार शब्द काढत नाही. सगळ्यांना रक्तदाब आहे. बोलणं असतं ते रंगाबद्दल. गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चिकटवावी की सिरॅमिकचं कोटिंग मारावं, यावरून मंडळात दोन तट आहेत आणि दोन तटांची टेबलंही वेगळी आहेत. त्यातले दोघे तुला माहीत असायला हवेत. एक व्लासिस. धंदा अंत्यविधींचा, गाडी पिवळीधमक. मी एकदा त्याला विचारलं, की शववाहिनीलाही फिल्म लावलीस का? तर गंभीरपणे म्हणाला, "तिला कशाला? ती इतकी हळू जाते, की दगड उडतच नाहीत." दुसऱ्या फिलिओबाई. निवृत्त नोटरी, हिरवी उघड्या टपाची गाडी, आणि कुठलंही वाक्य बोलताना समोरचा सही करणार आहे अशा बेताने बोलतात. बाई काळ्या काचांच्या पक्षात. ज्यांच्या गाडीला टपच नाही, त्यांनी काचांबद्दल इतकं का बोलावं, हे विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

मी काचा काळ्या केल्या त्या मात्र ऐटीसाठी नाही. कानेलाला मोतीबिंदू झाला होता. ऊन तोंडावर आलं की ती मान सीटखाली घालायची. मी चष्मेवाला, डोळ्यांना काय लागतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सर्वांत गडद फिल्म निवडली आणि चारी बाजूंना लावून टाकली. कानेलाला आराम पडला. मला दिसायचं बंद झालं. पहिल्याच दिवशी मागे घेताना पाववाल्याचे रिकामे क्रेट आडवे केले, आणि तिसऱ्या दिवशी पोर्तारियाच्या वळणावर पोलिसाने थांबवलं.

"काका, काच एवढी काळी कशाला?"

"कुत्रीला मोतीबिंदू आहे."

"गाडी कोण चालवतं?"

"मी."

"मग पुढच्या काचा मोकळ्या करा आणि तिला चष्मा लावा. तुमचंच दुकान होतं ना? माझ्या आईचा चष्मा तुम्हीच केलाय."

मी जरा सैलावून विचारलं, "कसा आहे?"

"तिला दिसत नाही," तो म्हणाला आणि पावती फाडली.

पुढच्या दोन काचांवरची फिल्म काढावी लागली. मी कानेलासाठी कापडी टोपी शिवून घेतली. ती तिने आगीयाच्या चढावर, मी गिअर बदलत असताना, शांतपणे खाल्ली. तेव्हापासून कडक उन्हाच्या दिवशी तिला घरी ठेवायचं ठरलं. हे ठरवलं मी. तिने मान्य केलं असं मला कधीच वाटलं नाही.

आता रंगाचं. पिलिओ डोंगराच्या रस्त्यावर खडी उडते हे खरं, पण माझ्या गाडीचा खरा शत्रू घरातच होता. तिची ती सवय आठवते ना, मी आलो की पुढचे दोन पाय उचलून उभं राहायची? दुकानातून पायी यायचो तेव्हा ते पाय माझ्या पोटावर पडायचे. गाडी आल्यापासून ड्रायव्हरच्या दारावर पडायला लागले. दर वेळी चार रेघा. मी ओरडायचो, ती कान पाडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. शेवटी जूनमध्ये फिल्मवाल्या टेबलावर जाऊन बसलो आणि पांतेलिसकडे गाडी टाकली. पांतेलिस हा गाड्यांना फिल्म लावणारा कारागीर. दारावरच्या जुन्या रेघा त्याने आधी नव्या रंगाचा हात देऊन मिटवल्या, मग तीन दिवस तो साबणाचं पाणी, रबरी पट्टी आणि गरम हवेचं यंत्र घेऊन माझ्या गाडीवर लहान बाळासारखा ओणवा होता. गाडी परत देताना म्हणाला, "काका, ही फिल्म साधी नाही. हिच्यावर ओरखडा उठला तर उन्हात उभी करा. आपोआप भरून येतो. सकाळी होता, दुपारी नाही."

मंडळाचा विश्वास बसेना. तेव्हा जुलैमधल्या एका रविवारी मी कानेलाला बंदरावर घेऊन गेलो, तिला दाराशी नेलं आणि म्हटलं, "हं, ठेव पाय!" तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याबद्दल बोलणी खाल्ली ते आज आपणहून करायला सांगतायत, हे तिला पटेना. मग दोन्ही पाय दाणकन दारावर. व्लासिस घड्याळ लावून बसला. फिलिओबाईंनी साक्षीदार म्हणून वेळ वहीत टिपली. ऊन चढलं, रेघा फिकट झाल्या, सतराव्या मिनिटाला गेल्या. सिरॅमिकवाल्या टेबलानेही टाळ्या वाजवल्या. कानेलाला वाटलं टाळ्या तिला आहेत, आणि तिने दुसऱ्यांदा पाय ठेवले. ताई, ती त्या दिवशी इतकी खूश होती, की घरी येताना झोपलीसुद्धा नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ती गेली. फोनवर एव्हान्थियाने तुला सांगितलंच आहे, मी पुन्हा लांबवत नाही. सकाळी गाडी काढताना तिने दारावर पाय ठेवले होते, नेहमीसारखे. दुपारी तिला श्वास घेता येईना. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं, पण वय झालं होतं, ऊन होतं, हृदय थकलं होतं. एवढंच.

संध्याकाळी मी गॅरेजमध्ये गाडीजवळ गेलो तर सकाळच्या चार रेघांपैकी दोन भरून गेल्या होत्या. दोन राहिल्या होत्या, खोल गेलेल्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना ऊन लागलं तर उद्या याही जातील.

मग मी काय केलं असेल? हसू नकोस. मी त्या दारावर आपल्या आईची लोकरीची घोंगडी टांगली. गॅरेजच्या वरच्या झरोक्यातून साडेदहा ते अकरा उन्हाची एक पट्टी आत येते, तिला पुठ्ठा लावला. गाडी बाहेर काढायची बंद केली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. रोज सकाळी खाली जाऊन घोंगडी उचलायची, भिंग लावून बघायचं, दोन आहेत ना, आहेत, घोंगडी खाली. (चौतीस वर्षं भिंगातून बघून लोकांना 'बरं आहे' म्हणायची सवय इथे कामी आली.) एव्हान्थिया जाता-येता बघायची. एकदा फक्त म्हणाली, "घोंगडीला कसर लागेल हो." आणि दुसऱ्या दिवशी घोंगडीच्या घडीत लव्हेंडरची पुरचुंडी ठेवलेली सापडली.

मंडळाला वाटलं मी सिरॅमिकवाल्यांकडे फितलो. ऑक्टोबरातल्या एका पावसाळी रविवारी दुपारी व्लासिस आणि फिलिओबाई सरळ गॅरेजमध्ये येऊन उभे राहिले. मी घोंगडी उचलून दाखवली. काही समजवावं लागलं नाही. व्लासिसने त्याच्या गाडीतून घडीच्या खुर्च्या आणल्या (स्मशानभूमीत म्हाताऱ्यांना बसायला नेतो त्या), मी त्सिपुरो दारूची बाटली आणि ऑलिव्ह आणले, आणि तिघं त्या दारासमोर बसलो, जसं काही दार आता बोलणार आहे.

पण आधी व्लासिस बोलला. त्याच्याकडे मांजर होती. अकरा वर्षं. दुकानात मांडलेल्या शवपेट्यांपैकी पांढऱ्या रेशमाची जी सर्वांत महाग, तिच्यात झोपायची. तीन वर्षांपूर्वी एक दिवस बाहेर गेली ती आलीच नाही. "लोकांना काय सांगायचं ते मला पाठ आहे," तो म्हणाला. "बापाला वेगळं, आईला वेगळं, तरुण पोराला वेगळं. तीस वर्षं सांगतोय. त्या दिवशी दुकान बंद करून बसलो आणि स्वतःला सांगायला एक वाक्य सापडेना." ती पेटी त्याने अजून विकलेली नाही. गिऱ्हाइकाला सांगतो, तिला चीर आहे.

मग फिलिओबाई. त्यांचा पोपट होता, नोटरीच्या कचेरीत वाढलेला, कोणी आलं की म्हणायचा, "वाचून दाखवलं, मान्य आहे!" एका उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली. खिडकी कोणी उघडी ठेवली होती, ते बाईंनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. "टप नसलेली गाडी का घेतली असं तुम्ही सगळे मागे बोलता," त्या म्हणाल्या, "ते मला कळतं. चालवताना झाडं दिसतात, म्हणून घेतली." ताई, नऊ वर्षं ती बाई पिलिओच्या रस्त्यावरून झाडांकडे बघत गाडी चालवते आहे, आणि मंडळ काळ्या काचांवर वाद घालतंय.

व्लासिस हा कामाचा माणूस, त्याला नुसतं बसवत नाही. तो म्हणाला, "दाराची फिल्म काढून घेऊ. तेवढा तुकडा काचेत घालून भिंतीवर लाव." कल्पना इतकी साधी होती की मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी पांतेलिसला फोन केला. त्याने आधी कुठलं दार ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "काका, फिल्म काढायची तर गरम करावी लागते. आणि गरम केली तर..." गरम केली तर रेघा भरून येणार. थंडच ओढली तर ताणली जाणार. मी म्हटलं, थंड ओढ. तो म्हणाला, मग थंडी पडू द्या, थंडीत ती जरा कडक होते.

म्हणून परवाचा रविवार. गॅरेजमध्ये हात आखडतील इतकी थंडी. पांतेलिसने नखाने कोपरा उचलला आणि बोटांनी एक-एक केस सोडवावा तशी फिल्म सोडवायला लागला. व्लासिस खालून धरून, फिलिओबाई टॉर्च लावून (लांबून, ऊब लागू नये म्हणून), मी भिंग घेऊन. तासभर कोणी खोकलंसुद्धा नाही. पहिली रेघ आली. अख्खी आली. पांतेलिसच्या कपाळावर घाम होता; मी पुढे होऊन तो पुसला, फिल्मवर पडू नये म्हणून. आणि दुसऱ्या रेघेपाशी चिकटा धरून बसला, त्याने जरासा जोर लावला, तशी ती सगळी फिल्म एकदम च्युइंगमसारखी लांबली, पांढरी झाली आणि स्वतःवरच गुंडाळून त्याच्या हातात गोळा होऊन बसली. उलगडायला गेलो तर आणखी चिकटली. त्यात कुठे काय होतं, ते भिंगातूनही दिसलं नाही.

पांतेलिस रडकुंडीला आला होता. मीच त्याची समजूत घातली. मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. खाली रंग नवा कोरा, ताई. एक टिंब नाही, एक रेघ नाही. जूनपासून त्याला काही झालंच नव्हतं. व्लासिस हळूच म्हणाला, "फिल्म चांगली होती," आणि मग आपण काय बोललो हे कळून खाली बघत राहिला.

मागे वळलो तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एव्हान्थिया उभी होती, कधीपासून कोणास ठाऊक. तिने तो गोळा पाहिला, दार पाहिलं, मला पाहिलं. म्हणाली, "किती जण आहात जेवायला?" आणि वर गेली.

तर अशी हकिकत. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला काय सांगायचं ते तूच सांग.

तुझा,
स्टेर्गिओस

ता. क. नाताळाच्या आधी पिठीसाखरेत घोळलेली ती बदामाची बिस्किटं पाठवशील ना? डबा मोठा पाठव. मंडळ आता गॅरेजमध्येच जमतं, दोन्ही टेबलांचं. बिस्किटांसाठीच हे पत्र लिहिलं असं समज.

ता. क. २. नको, तसं समजू नकोस. वर मी लिहिलंय, 'आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं.' ते खोडायला गेलो तर कागद फाटेल, म्हणून इथे लिहितो. मी नव्हतो. मी मंडळाबरोबर त्सांगारादाला गेलो होतो. ऊन कडक म्हणून तिला घरी ठेवलं, आणि तिने दारावर पाय ठेवले तेव्हा ओरडलो. फोन गाडीच्या कप्प्यात होता. संध्याकाळी काढला तर एव्हान्थियाचे सात फोन येऊन गेलेले. तिने एकटीने बावीस किलो तीन मजले खाली उतरवले आणि टॅक्सी केली. घरी आलो तर पट्टा खुंटीवर होता. त्या दिवसापासून आजपर्यंत ती मला एक शब्दही लावून बोललेली नाही, आणि मी तिला एक शब्दही विचारलेला नाही. विचारायला तोंड उघडतो आणि फिल्मबद्दल बोलायला लागतो. ती दर रविवारी तुला फोन करते. तुला सांगितलं असणार. ताई, मला फक्त एवढंच लिहून कळव: कानेलाला फार त्रास झाला का, आणि तिने मला शोधलं का. एव्हान्थियाला कळू देऊ नकोस. पाकीट तीच पोस्टात टाकणार आहे, पण ते मी चिकटवून देतो आहे.

— — —

वन्सं, नमस्कार. मी एव्हान्थिया. पाकिटावर पत्ता अर्धाच होता, म्हणून वाटलं आत आणखी काय काय राहिलंय ते बघावं. वाचलं. तुम्ही यांना उत्तर पाठवू नका. यांनी अडीच महिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मी सांगत नाही, म्हणून हे विचारत नाहीत. दोघांनाही कळत होतं, आणि जेवताना दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

तुम्हाला फोनवर सांगितलं त्यात मी एक गोष्ट गाळली होती. त्रास फार नाही झाला. टॅक्सीवाला भला माणूस होता, त्याने स्वतःचं जाकीट मागच्या सीटवर अंथरलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रेल्वे फाटकापाशी ती गेली. फाटक बंद होतं, गाडी पुढे जाईना. पण त्याआधी, टॅक्सीत ठेवली तेव्हा, तिने मान उचलून ड्रायव्हरच्या जागेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दिसत नव्हतं ना तिला नीट. तिथे दुसराच माणूस होता. मग माझ्याकडे वळली आणि मान टेकली.

शोधलं का म्हणून यांनी विचारलंय. शोधलं. हे यांना सांगावं की आपल्यापाशीच ठेवावं, हे मला इतके दिवस ठरवता येत नव्हतं. आता यांनी स्वतःच विचारलंय, मला नाही तर तुम्हाला, पण विचारलंय. आज सांगते. हे आत्ता खाली गॅरेजमध्ये व्लासिसभाऊंच्या खुर्च्या पुसून ठेवतायत. चुलीवर मसुराचं सूप आहे. जेवणाआधी सांगावं की नंतर, तेवढंच ठरायचं आहे.